सोळा आण्यांची विहीर: माणदेशातल्या एका गावाची ईर्षा आणि एकी

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आहे. २०१८ सालच्या ७ एप्रिलच्या रात्री आम्ही शंभरेक माणसं गावाच्या वरच्या अंगाला, माळावर उभी होतो. टिकाव, खोरी, घमेली, बॅटऱ्या, पाण्याचे दोन पिंप. देवळातलं भजनी मंडळ टाळ-मृदंगासह वर आलं होतं. बारा वाजले की तारीख बदलणार आणि ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ या पाणी अडवण्याच्या स्पर्धेचे पंचेचाळीस दिवस सुरू होणार. सगळ्यांचं लक्ष मोबाइलच्या घड्याळाकडे लागलं होतं. तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या टेकडीवर, म्हणजे शेजारच्या गावाच्या हद्दीत, दिव्यांची एक रांग हलायला लागली. कुणीतरी ओरडलं, “ती बघा, त्यांनी सुरुवात केली! अजून दोन मिनिटं हायत की!” आणि मग आमच्याकडच्या कुणी घड्याळ बघितलं नाही. पहिला टिकाव पडला.

माती चराबाहेर काढायला घमेल्यांची साखळी लागली होती. या साखळीत माझे थोरले मामा होते आणि त्यांच्यापासून तिसऱ्या माणसावर त्यांचे चुलतभाऊ आबा. दोघं एकमेकांशी अकरा वर्षं बोलत नव्हते. मधली दोन पोरं पाणी प्यायला गेली आणि साखळी आखडली. आबांच्या हातातलं घमेलं मामांच्या हातात आलं. क्षणभर ते दोघांच्याही हातात होतं. मामांनी ते घेतलं, पुढे दिलं, रिकामं परत केलं. शब्द कुणीच बोललं नाही, पण रात्री अडीचपर्यंत दोघांनी जागाही बदलली नाही.

हा लेख त्या घमेल्याबद्दल आहे. पौर्वात्य समाज सहकाराचे आणि पाश्चात्त्य समाज स्पर्धेचे, ही विभागणी आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती तपासायची गरजही वाटत नाही. मी पुण्यात समाजशास्त्र शिकवते आणि काही वर्षं मीही वर्गात हेच सांगत होते. आजोळच्या गावानं मला ते सोडायला लावलं. २०१८ पासून मी या एका गावाकडे थांबून थांबून बघते आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथली माणसं माझी आहेत आणि त्यांची भांडणंही.

स्पर्धेची माहिती आधी थोडक्यात. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पानी फाउंडेशननं २०१६ साली तीन तालुके घेऊन हा खेळ मांडला: साताऱ्यातलं कोरेगाव, बीडमधलं अंबाजोगाई आणि अमरावतीतलं वरूड. ११६ गावं उतरली, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. पुढच्या वर्षी तालुके तीस झाले आणि वर्ध्याच्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्यानं कप नेला. २०१८ साली ७५ तालुके होते, त्यात माण. स्पर्धा गावागावांत होती, माणसामाणसांत नव्हती. गावानं आधी आपली माणसं निवासी प्रशिक्षणाला पाठवायची, मग ८ एप्रिल ते २२ मे या काळात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याची कामं करायची: सलग समतल चर, दगडी बांध, शेतातली बांधबंदिस्ती, घरोघरी शोषखड्डे, रोपवाटिका. काम घनमीटरमध्ये मोजलं जायचं आणि त्यावर गुण. श्रमदानाचे वेगळे, यंत्रांच्या कामाचे वेगळे.

कल्पना नवी होती असं मात्र नाही. महाराष्ट्रात गाव एकत्र करायचं म्हटलं की सरकारलाही स्पर्धाच सुचत आली आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना सुरू झालं, तेही गावागावांतल्या बक्षिसांवर. तेच पुढे गृहमंत्री असताना २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. भांडण मिटवण्यासाठी गावांनी एकमेकांशी चढाओढ करायची, असा तो सरळ हिशोब होता आणि कितीतरी गावांत तो चाललाही. म्हणजे आपल्याकडे एकी हवी असेल तर आधी ईर्षा पेटवावी लागते, हे राज्य चालवणाऱ्यांना अनुभवानं ठाऊक होतं. मला ते पुस्तकात सापडलं नव्हतं, एवढंच.

आता मामा आणि आबा.

दोघांचे वडील सख्खे भाऊ. वाटणीत शेजारशेजारची रानं आली, मध्ये बांध. बांध म्हणजे कागदावर एक रेघ आणि जमिनीवर हात-दोन हात रुंदीची मातीची वरंबी. नांगरताना तास जरा बांधाकडे सरकला की वर्षाला वीतभर बांध खातो. याला गावाकडे बांध कोरणं म्हणतात. कुणी कुणाचा बांध कोरला याचा निकाल माझ्या हयातीत लागेल असं मला वाटत नाही. मोजणी दोनदा आली. एकदा कुऱ्हाडीचा दांडा उगारला गेला. तालुक्याच्या कोर्टात दावा पडून आहे आणि तारखेला जायला दोघं एकाच एस.टी.नं जातात, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या.

जमीन किती होती वादात? माझ्या माहितीप्रमाणे दीड गुंठ्याच्या आत. त्यावर वकिलाला गेलेल्या पैशात तेवढी जमीन कधीच घेता आली असती. पण हा हिशोब भावकीत कुणी मांडत नाही, कारण भांडण जमिनीसाठी नसतंच मुळी. एकाच आज्याची नातवंडं. सुरुवातीला ताटात सारखंच होतं. मग त्याचा पोरगा इंजिनिअर कसा झाला, त्याच्या विहिरीवर मोटार आधी कशी आली, त्याच्या घराला स्लॅब कसा पडला. ज्यांची सुरुवात एक, त्यांच्यातलाच फरक डोळ्यांत खुपतो. पुण्यातल्या कुणा परक्याकडे दहा गाड्या असल्या तरी मामांना त्याचं काही नाही. आबांनी जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा मामा दोन दिवस नीट जेवले नव्हते, हे मामींनी मला सांगितलेलं आहे.

शी लिऊ, मायकेल मॉरिस, थॉमस टाल्हेम आणि चियान यांग यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. चीन आणि अमेरिकेतल्या माणसांना आपल्याच गटातला, आपल्याच बरोबरीचा माणूस आपल्यावर कुरघोडी करेल असं किती वाटतं, हे त्यांनी तपासलं. चिनी मंडळी आपल्या वर्गसोबत्यांबद्दल अमेरिकनांपेक्षा जास्त सावध निघाली. समूहाला धरून राहणाऱ्या समाजात गटाच्या आत सलोखा असतो, स्पर्धा असेल तर ती बाहेरच्यांशी, हा समज त्यांच्या आकड्यांनी हलवला. मी तो निबंध वाचला तेव्हा मला पहिल्यांदा मामांचा बांध आठवला. भावकी या एका शब्दात आपण दोन्ही गोष्टी ठेवतो: लग्नाला, मयताला धावून येणारी माणसं आणि बांध कोरणारीही तीच माणसं. मराठीत भाऊपणाच्या नावावरूनच भांडणाला शब्द पडला, भाऊबंदकी. आपल्याला हे कुणी शिकवायला नको होतं.

त्याच वेळी या भाषेत एकमेकांच्या कामाला जाण्यासाठी किती शब्द आहेत बघा. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या रानात सगळे, ही सावड. अडल्यानडल्याच्या रानात सगळ्या गावानं औतं घेऊन जायचं आणि त्यानं फक्त जेवण घालायचं, ते इर्जिक. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातले आदिवासी शेतकरी उतारावर भातखाचरं पाडायला उन्हाळ्यात एकत्र जमतात, ती पडकई. हे शब्द सणासुदीचे नाहीत, कामाचे आहेत. सावडीत तर हिशोब कडक असतो: माझ्याकडे तीन माणसं तीन दिवस आली, मी नऊ रोज फेडणं लागतो. एकही रोज कुणी विसरत नाही. मामा आणि आबा बोलत नव्हते त्या अकरा वर्षांतही कांदा लावायला दोन्ही घरच्या बायका एकमेकींच्या सावडीला जात होत्या. पुरुषांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

तर वॉटर कपनं काय केलं? त्यानं ईर्षा संपवली नाही. त्यानं ती उचलली आणि बांधावरून गावाच्या शिवेवर नेऊन ठेवली.

हे मी रोज बघत होते. सकाळी पारावर पहिला प्रश्न, “पलीकडच्यांचं किती झालं?” त्यांचे तीनशे घनमीटर झाल्याची बातमी आली (कुणी आणली, खरी होती का, देव जाणे) की दुपारच्या उन्हात न येणारी माणसं संध्याकाळी यायची. आमच्या गावात ग्रामपंचायतीचे दोन गट आहेत, निवडणुकीत एकमेकांची तोंडं बघत नाहीत. दोन्ही गटांचे म्होरके एका चरावर आले ते जलसंधारणाच्या प्रेमापोटी नाही. शेजारच्या गावातलेही दोन गट एक झालेत अशी बातमी होती, म्हणून आले. मुंबईतले माथाडी, तमिळनाडू-केरळात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारे गावकरी फोन करून आधी गुण विचारायचे, मग डिझेलला पैसे पाठवायचे. प्रशिक्षण घेऊन आलेल्या पाच जणांत गावातली एक बारावी झालेली मुलगी होती. तीन काठ्यांची ए-फ्रेम आणि ओळंबा घेऊन ती समपातळी रेषा आखायची आणि साठीतले बापे तिच्या फक्कीच्या रेघेवर टिकाव मारायचे. एरवी पारावर तिला कुणी बसायला सांगितलं नसतं.

बांधबंदिस्तीची पाळी आली तेव्हा तिनंच तो विषय काढला. उतारावर सगळ्या शेतांत बांध घालत यायचं म्हणजे मामा-आबांच्या बांधावर काम आलंच. तिथे खड्डा राहिला तर वरच्या सगळ्या शेतांचं पाणी त्याच जागेतून फुटून खाली धावणार. गावची बैठक बसली. बांध कुणाचा हे ठरवायचा मोह दोन-तीन वडीलधाऱ्यांना झाला आणि लगेच दोन्ही बाजू तापल्या. ती मुलगी म्हणाली, “बांध कुणाचाबी असू द्या. तो पट्टा मोजमापात आला नाय तर गुण गावाचे जात्यात.” बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आबा म्हणाले, “दोन्हीकडनं दीड-दीड हात सोडा. कोर्टाचं कोर्टात.” मामांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तीन हात रुंदीचा बांध पडला. अकरा वर्षं वीतभर जमिनीसाठी भांडलेल्या माणसांनी दीड-दीड हात सोडला आणि एकालाही हरल्यासारखं वाटलं नाही, कारण हरणार होतं ते ओढ्यापलीकडचं गाव.

याला कुणी फक्त आपल्या संस्कृतीचं वैशिष्ट्य म्हणेल तर मी थांबवेन. १९५४ साली अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट करून सामने लावले. गट आतून घट्ट झाले आणि एकमेकांच्या जिवावर उठले. पुढे दोन्ही गटांना मिळून सोडवावी लागतील अशी कामं दिली तेव्हा वैर निवळत गेलं. त्यातलं एक काम बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करण्याचं होतं. बाहेर प्रतिस्पर्धी उभा राहिला की आतली माणसं जवळ येतात, हे तिथेही खरं आणि माणदेशातही खरं. आपलं वेगळेपण असलंच तर ते कुंपण कुठे पडतं यात आहे. तिथे अनोळखी मुलांचे गट आधी घडवावे लागले, मग मुलांनी आपापल्या गटाची नावं, झेंडे ठरवले. आमच्याकडे गट आधीपासून तयार असतात, एकात एक बसवलेल्या डब्यांसारखे: घर, भावकी, आळी, जात, गट, गाव. ईर्षा कोणत्या डब्याच्या कडेवर ठेवली जाते यावर आतला माणूस भाऊ होतो की वैरी, ते ठरतं. आणि हे ठेवणं बाहेरून कुणीतरी, नियम करून, करावं लागतं. आपोआप ती सगळ्यात आतल्या डब्यात जाऊन बसते.

कप आमच्या गावाला मिळाला नाही, पलीकडच्यालाही नाही. तो आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं नेला, आणि पंच्याहत्तर लाखांचं बक्षीस. दोन दिवस गाव गप्प होतं. नंतर पलीकडच्या गावाची माणसं आमच्या पारावर येऊन बसली आणि दोन्ही गावांनी मिळून टाकेवाडीच्या कामात खोट काढायचा प्रयत्न केला. खोट सापडली नाही. मग मोटारसायकलींवरून दोन्हीकडची पोरं मिळून ते काम बघून आली.

त्या वर्षीच्या पावसानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्यानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आम्ही होतो. माळावर चर कोरडे पडलेले, त्यांच्या कडेनं शेळ्या फिरताना मी दिवाळीत पाहिल्या. गावाला कुणी हसलं असतं तर मला सहन झालं नसतं. २०१९ मध्ये परतीचा पाऊस मात्र भरभरून आला. एका रात्रीत चर तुडुंब, आणि तीन हातांचा तो बांध टिकला. डिसेंबरात विहिरींना पाणी होतं. मामींनी फोनवर मोटार सुरू करून मला नुसता पाण्याचा आवाज ऐकवला.

इथे हे प्रकरण संपवता आलं असतं. बरेच जण इथेच संपवतात, आणि माझी हरकत नेमकी तिथे आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात मामांनी बोअर मारली, चारशे फुटांवर. सहा महिन्यांत आबांनी मारली, साडेसहाशेवर. बोअरची गाडी रात्री आली, तिच्या दिव्यानं सगळा माळ उजळला होता असं मामा सांगतात. दोन वर्षांत त्या एका आळीत अकरा बोअर झाल्या. जिथे बाजरी आणि मटकी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. कायद्यानं सांगायचं तर महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरी शेतीसाठी घ्यायला मनाई आहे. गावात हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण शेजाऱ्यानं साडेसहाशेला मारली असताना आपण दोनशेला थांबायचं म्हणजे आपलंच पाणी त्याच्या पाइपात सोडायचं, हे ज्याला त्याला दिसत होतं.

आपला दख्खनचा काळा पत्थर म्हणजे स्पंज नव्हे. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या खडकाच्या भेगांत, आणि भेगा काही बांध ओळखत नाहीत. गावानं पंचेचाळीस दिवस घाम गाळून मुरवलेलं पाणी सगळ्यांचं होतं. उपसताना ते ज्याची बोअर खोल त्याचं झालं. ईर्षा शिवेवरून परत घरी आली होती, फक्त आता ती बांधावर नव्हती, जमिनीखाली सहाशे फुटांवर होती.

असं का व्हावं? माणसं तीच, भावकी तीच. मी बराच काळ स्पर्धा संपली म्हणून एकी संपली एवढ्यावर समाधान मानत होते. मग एकदा मामांच्या कपाटात मला एक वही दिसली.

आजोबांच्या वेळची एक विहीर आहे, अजून चालू. तीन भावांची, सोळा आण्यांची, म्हणजे पूर्ण विहीर सोळा आणे धरून हिस्से पाडलेली. थोरल्याचे सहा आणे, मधल्याचे पाच, धाकट्याचे पाच. पाळी आठ दिवसांची: एक आणा म्हणजे अर्धा दिवस पाणी. थोरल्या घराला तीन दिवस, बाकी दोघांना अडीच-अडीच. शेतीची लाईट आठवड्याच्या वारांप्रमाणे कधी दिवसा कधी रात्री येते. आठवडा सातांचा आणि पाळी आठांची असल्यामुळे रात्रीचं दारं धरणं, म्हणजे रानात उभं राहून पिकाला पाणी देणं, कायम एकाच्याच नशिबी येत नाही. हे कुणा अडाण्यानं योगायोगानं केलेलं नाही. मोटार जळाली की खर्च आण्यांप्रमाणे, गाळ काढायचा तर माणसं आण्यांप्रमाणे. या वहीत पंचेचाळीस वर्षांच्या पाळ्या आहेत. आबा थोरल्या घरचे, मामा मधल्या. कोर्टात दावा चालू असताना, बोलणं बंद असताना, आबांची पाळी संपली की आबांचा मुलगा स्टार्टर बंद करून किल्ली खुंटीला लावायचा आणि मामा तिथून घ्यायचे. एकदाही चूक नाही. मी मामांना विचारलं, बांधावरून एवढं भांडता, विहिरीवरून का नाही? मामांना प्रश्नच कळला नाही. “विहिरीत भांडायचं काय? आणे ठरल्यात की.”

बांधाला माप नव्हतं, म्हणून तिथे भाऊबंदकी. विहिरीला आणे होते, म्हणून तिथे त्याच दोन माणसांत अर्धशतकाची भागीदारी. सावड टिकली कारण रोज मोजले जातात. वॉटर कप पंचेचाळीस दिवस चालला कारण घनमीटर मोजले जात होते. आणि बोअरला ना आणा, ना पाळी, ना वही. पाण्याचं अंदाजपत्रक मांडायला स्पर्धेत सांगितलं होतं, गावानं ते शाळेच्या भिंतीवर रंगवलंही होतं. पण स्पर्धा २२ मेला संपते आणि पाऊस त्यानंतर येतो. ते अंदाजपत्रक पाळलं का, हे विचारायला त्या खेळात जागाच नव्हती. घालायचं पाणी मोजलं गेलं, काढायचं मोजलं गेलं नाही.

जुन्या माणसांना हे कळत होतं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली शेकडो वर्षं फड चालले. सगळं लाभक्षेत्र फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सोडायचं ते पाटकऱ्यानं, मालकानं नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फडच कमी. तोटा सगळ्यांचा मिळून. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात गावानं शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असं ठरवलं. या तिन्ही ठिकाणची माणसं आमच्या मामांपेक्षा जास्त सज्जन होती, असं मला वाटत नाही. त्यांनी कुणाच्या सज्जनपणावर काही सोडलं नव्हतं.

म्हणून पौर्वात्य माणूस समूहाला धरून असतो, सहकार त्याच्या रक्तात असतो, हे वाक्य मला आता नुसतं चुकीचंच नाही तर महागात पडणारं वाटतं. सहकार रक्तात आहे असं एकदा मानलं की कुणी आणे ठरवायला बसत नाही. आणि मग जो फसतो त्याला सांगितलं जातं, माणसं बिघडली, पूर्वीसारखी राहिली नाहीत. माणसं पूर्वीही अशीच होती. पूर्वीच्यांनी वही ठेवली होती.

पानी फाउंडेशनलाही पंचेचाळीस दिवस अपुरे पडतात हे जाणवलं असावं, कारण पुढे त्यांनी समृद्ध गाव स्पर्धा जास्त काळाची ठेवली, त्यात पाण्याच्या वापराचाही विचार आणला. २०२२ पासून फार्मर कप आला, तो गावांचा नाही, शेतकऱ्यांच्या गटांचा. माझ्या मामेभावाचा गट त्यात उतरला. त्यात आबांचा धाकटा मुलगाही आहे. बियाणं एकत्र घेतात, कांद्याला सावड करतात, मोबाइलवरच्या शेतीशाळेत कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना प्रश्न विचारतात. दुसऱ्या गटाचं पीक कसं आलं हे बघायला दोघं एका गाडीवरून जातात. बोअरचा विषय गटात निघत नाही. मी एकदा काढला तेव्हा मामेभाऊ म्हणाला, “ताई, त्येवढं सोडून बोला.” मला वाईट वाटलं, आणि तो खोटं बोलला नाही याचं बरंही वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा दोन्ही बोअरचं पाणी कमी झालं होतं. आबांची अर्ध्या तासात हवा फेकायला लागायची. विहीर मात्र पाळीनं चालू होती, पहिल्यापेक्षा कमी पाण्यावर, पण आण्यांप्रमाणे. मामा दारं धरायला गेले होते. मी वही काढून बघत बसले. विहिरीच्या पाळ्या नेहमीसारख्या निळ्या शाईत, आबांचं घर, आपलं घर, धाकट्यांचं घर. शेवटच्या पानावर मात्र समासात पेन्सिलीनं दोन उभ्या रेघा मारलेल्या, आणि त्यांच्यात आकडे. आधी मला कळलं नाही. मग वर बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं: ‘आमची बोर’, ‘आबाची बोर’. खाली रोज किती तास चालली ते. एकीकडचं अक्षर मामांचं होतं. दुसरीकडचं त्यांचं नव्हतं.

मामा आल्यावर विचारलं, हे काय? म्हणाले, नुसतं लिहून ठेवतोय. आणे ठरले का, असं विचारलं तर म्हणाले, “न्हाय अजून.” आणि वही माझ्या हातातून घेऊन त्यांनी त्या दिवसाचे तास लिहिले.